कडुबाच्या विहिरीतले देशी

पिशवीवर मार्करने ‘देशी’ असं लिहिलेलं होतं आणि राजकुमारने त्या शब्दावर विश्वास ठेवला. सगळा घोटाळा इथून सुरू झाला. आमच्या जिल्ह्यात ‘देशी’ घेऊन निघालेल्या माणसावर त्याची बायकोसुद्धा विश्वास ठेवत नाही, आणि हा बी.ए. झालेला गडी चक्क पिशवीवर विश्वास ठेवून बसला.

हर्सूलच्या पुढे एका पोलिसाने त्याची मोटारसायकल अडवली होती.

"काय हाय रे पिशवीत?"

"देशी," राजकुमार म्हणाला.

एवढं सरळ उत्तर पोलिसाला सहसा मिळत नसावं. तो खूश झाला. हँडलला लटकवलेली पिशवी त्याने वाकून पाहिली. आत पाणी, पाण्यावर फुग्यासारखी भरलेली हवा, आणि पाण्यात बोटाएवढे, मिशावाले, काळपट जीव एकमेकांच्या अंगावरून वळवळत होते.

"हे कोणतं देशी?"

"मांगूर, साहेब. मासे. विहिरीत सोडायचेत."

"मग मासे म्हण ना बाबा," पोलीस हिरमुसून म्हणाला आणि त्याने हात हलवून वाट दिली.

त्याने त्या दिवशी जरा खाक्या दाखवून पिशवी काढून घेतली असती, तर पुढे वस्तीने त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला असता. पण नेमका भला माणूस भेटला. राजकुमार भर दुपारी वस्तीवर पोचला. त्याचा मामा कडुबा लिंबाखाली तोंडावर गमछा टाकून झोपलेला होता, मामी मुक्ताबाई बाजाराला गेली होती. राजकुमारने पिशवीची गाठ सोडली, पाच मासे डब्यात काढून ठेवले आणि बाकीचे सगळे मामाच्या विहिरीत ओतले. शेवटचा एक पिशवीच्या कोपऱ्यात अडकला होता, त्यालाही टिचकी मारून पाठवला. मग हात पुसून, फार मोठं समाजकार्य केल्याच्या तोऱ्यात तो चहा प्यायला गेला.

आता, हे मासे त्याने का सोडले, ते सांगितलं पाहिजे. त्यासाठी आधी राजकुमार कळला पाहिजे, आणि तो त्याच्या आईलाही नीट कळला नव्हता.

राजकुमारला एका जागी बसवत नसे. लहानपणी फोटोग्राफर शाळेत आला तेव्हा वर्गाच्या फोटोत सगळ्यांची तोंडं आली आणि याच्या जागी एक धुरकट पट्टा आला. पुढे वाळूजच्या कंपनीत लागला, तिथं उभं राहायचं काम होतं, ते सोडलं. रिक्षा घेतली, तिथं बसायचं काम होतं, ती विकली. मोबाईल दुरुस्ती झाली, पाण्याच्या जारचा धंदा झाला. मामाची मुलगी सरिता हिच्याशी लग्न झालं, ते तेवढं टिकलं. आणि ते का टिकलं हे सरिताच सांगू शकेल. शेवटी एका शिबिरात त्याने ताडपत्रीच्या गोल टाक्यांमधली मत्स्यशेती पाहिली आणि त्याला वाटलं, हे आपलं. दिवसभर पाणी ढवळायचं, हवा सोडायची, खाद्य टाकायचं, नासलं की पाणी बदलायचं. ज्या धंद्यात माल स्वतः एका जागी थांबत नाही, तो धंदा त्याला मानवला. मामाच्या विहिरीशेजारच्या पडीक जागेत त्याने सहा टाक्या उभ्या केल्या. त्यात चिलापी मासळी वाढवायची, छावणीच्या बाजारात विकायची, उरली तर फर्दापूरच्या हॉटेलांना धाडायची. आजूबाजूच्या शेततळ्यांतही मासे वाढवायची टूम निघाली होती. लोक येऊन विचारत, "माशांचं बीज कुठून आणतो रे?" आणि राजकुमार बोटं आकाशात फिरवत म्हणे, "कलकत्ता."

विहिरीची गोष्ट मात्र कलकत्त्याची नाही. ती इथलीच.

कडुबाच्या बापाच्या वेळेला गावातल्या विहिरीवर या वस्तीतल्या माणसांना पोहरा टाकू देत नसत. मग वस्तीने स्वतःची विहीर खणली. पुरुषांनी सुरुंग लावले, बायकांनी दगड वाहिले, आणि काळ्या खडकातून पाणी लागलं. त्या दिवशी गावातला एक जण बांधावरून म्हणाला म्हणे, "लागलं का? मग बघून प्या." हा सल्ला होता की धमकी, हे कोणी विचारत बसलं नाही. कडुबाच्या बापाने तलावातून मांगूर धरून आणले आणि विहिरीत सोडले. तेव्हापासून दस्तूर पडला: सकाळी आधी भाकरीचा तुकडा टाकायचा, मांगूर वर येऊन तो गिळतो का बघायचं, आणि मगच घागर बुडवायची. मासा जिवंत म्हणजे पाणी चांगलं. त्या विहिरीतला मासा कोणी धरायचा नाही, कोणी खायचा नाही. जावई आला तरी नाही.

आता नळ आले, जार आले. विहिरीचं पाणी धुण्याला आणि गुरांना. पण मुक्ताबाईचा सकाळचा तुकडा चुकला नाही. विहिरीची एक बाजू ढासळली होती, ती बांधून द्यायला ग्रामपंचायत तयार होती. कडुबाने बांधू दिली नाही. पावसाळ्यात पाणी त्या उघड्या मातीपर्यंत चढलं की मांगूर तिथं बिळं करून अंडी घालत. "त्यांचं बाळंतपणाचं घर हाय ते," कडुबा म्हणायचा, "तिथं सिमेंट कामून?"

एकदा पावसाळा संपता संपता मत्स्यबीज केंद्रातल्या तनुजा मॅडम राजकुमारच्या टाक्या बघायला आल्या. टाक्या बघता बघता त्यांना शेजारून ‘गुळुक’ असा आवाज आला. त्या टाक्या सोडून विहिरीकडे गेल्या आणि मग टाक्यांकडे काही परत आल्या नाहीत. कडुबाने त्यांना विहिरीची सगळी हकीकत सांगितली.

"काका," मॅडम जपून म्हणाल्या, "गोष्ट फार मोलाची आहे. पण मांगूर वरची हवा घेतो. तो चिखलात जगतो, गटारात जगतो. पाणी चांगलं की वाईट हे बघायला हा मासा तसा… म्हणजे, काही कामाचा नाही."

कडुबाने वाकून पाण्यात बघितलं. "म्हंजे इतकी वर्षं आमी बिनपरीक्षेचंच पाणी पेलो का?"

"पेलो अन् जगलो," मुक्ताबाई मागून म्हणाली. "मासा पास झाला, आपण बी पास झालो. आता निकाल कशाला उकरता?"

मॅडम हसल्या, पण विहिरीवरून हलल्या नाहीत. एक मासा जाळीत घेऊन त्यांनी त्याच्या डोक्याच्या मागच्या हाडावर अंगठा फिरवला. बाहेर तलावांत, नदीत, सगळीकडे परदेशी मांगूर घुसलाय, त्या म्हणाल्या. तो लवकर वाढतो म्हणून लोकांनी चोरून पाळला, त्याच्यावर बंदी आली तरी पाळला, आणि तो देशी मांगुराशी मिसळला. निव्वळ देशी आता शोधून सापडत नाही. या विहिरीला ना ओढा येऊन मिळतो ना नाला, म्हणून हे इथं वेगळे राहिले.

"पण मॅडम, बीज तर केंद्रात बनतंय ना?" राजकुमारने विचारलं. "मग ह्या म्हाताऱ्यांची काय गरज?"

"बनतं. पण आमच्याकडे तेच नर, त्याच माद्या. त्यांच्याच पिल्लांच्या पुन्हा जोड्या. घरातल्या घरात किती पिढ्या लग्नं लावणार? पिल्लं किडकी निघतात. रोग आला की एकदम सगळी उताणी. जितकी मत्स्यशेती वाढेल तितकं हे बाहेरचं, पण जातीचं रक्त लागेल."

मुक्ताबाईने पदर खोचला. "आमच्यात मामाचीच पोरगी करतात. तुमाला काय तरास?"

"मॅडमचं खरं हाय, आई," सरिता नवऱ्याकडे बघून म्हणाली. "किडकं निघायला पोरंच कशाला व्हावी लागतात? काही काही मूळचंच असतंय."

मॅडमचा बेत ठरला. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वरिष्ठांना घेऊन यायचं, विहीर दाखवायची, आणि काही जोड्या केंद्रात न्यायच्या. मुक्ताबाईने तिथंच अट घातली.

"नेणार म्हंजे उसनं नेणार ना?"

"म्हणजे?"

"म्हंजे पीठ नेलं की पीठ आणून देतेत तसं. वाटीभर न्यायचं, शीग लावून परत द्यायचं. फुकट नाय अन् इकत बी नाय."

"उसनं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी शब्द दिला.

राजकुमार तेव्हापासून मनातले मांडे खाऊ लागला. मॅडमच्या साहेबांना विहीर आवडली तर वस्तीचं नाव होणार, आणि देशी बीज वाढवायचं काम इथंच मिळणार, म्हणजे त्यालाच. तो रोज विहिरीत डोकावू लागला. कधी दोन गुळुक, कधी तीन, कधी नुसतंच पाणी. साहेब आले आणि मांगुरांनी तोंड दाखवलं नाही तर? सभेला गर्दी कमी दिसली की ट्रॅक्टर भरून माणसं आणतात. राजकुमारने तेच केलं. बीज विकायला फिरणाऱ्या गाडीवाल्याकडून त्याने एक पिशवी ‘देशी’ आणली. बाकी तुम्हाला माहीत आहे.

पिशवीतले मूठभर मासे त्याने घरी एका टबात ठेवले होते, नमुना म्हणून. होळीच्या सुमाराला सरिताने टबाजवळ बसून तोंडाला पदर लावला.

"अहो, हे देशी हायेत का?"

"मग? का?"

"पाच व्हते, दोन राहिलेत. बाकीचे ह्या दोघांनी खाल्ले. अन् टाकलेलं तर मला दिसायच्या आधीच संपतंय. देशी नसतील हे. जावई असतील."

राजकुमारने टबातला एक उचलला. त्या धांदलीत माशाने पंखाचा काटा त्याच्या तळहातात घुसवला आणि हात मनगटापर्यंत सुजला. पण त्याआधी त्याने मॅडमसारखा अंगठा डोक्यामागे फिरवून घेतला होता. देशी माशाच्या हाडाला मागे एकच टोक असतं, असं मॅडमनी दाखवलं होतं. इथं अंगठ्याला दोन उंचवटे लागले, मध्ये खाच.

त्या दिवशी तो जेवला नाही. म्हणजे ताटावर बसला, उठला, टाक्यांकडे गेला, परत आला, भाकरी मोडली, पुन्हा उठला. विहिरीत त्याने ओतले होते ते दोनशेच्या घरात. सरिताने एकदाच विचारलं, "आबाला सांगितलं का?" तिचा आबा म्हणजे कडुबा. राजकुमार म्हणाला, "सांगतो." आणि गळ आणायला बाजारात गेला.

त्याचा हिशोब असा होता: एकेक धरायचा, अंगठा फिरवायचा, देशी निघाला तर परत सोडायचा, दुसरा निघाला तर बादलीत. कोणाला कळायच्या आत विहीर साफ. ज्या माणसाला फोटोपुरतं स्थिर बसता आलं नाही, तो गळ टाकून बसणार होता. दुपारी मामा झोपला की तो विहिरीच्या ढासळलेल्या बाजूला उकिडवा बसे. पाय हलवी, दोरी हलवी, दर मिनिटाला गळ वर काढून बघे. मासे कशाला जवळ येतील? पहिल्या दिवशी एक सापडला. दुसऱ्या दिवशी एकही नाही. तिसऱ्या दिवशी दोरीला जोरात ओढ बसली आणि त्याच वेळी मागून आवाज आला.

"राजू."

मुक्ताबाई धुण्याची बादली घेऊन उभी होती.

या विहिरीत गळ. कडुबाच्या बापापासून कोणी केलं नव्हतं ते. दुष्काळात, घरात काही नसताना, कोणी केलं नव्हतं. मुक्ताबाई ओरडली नाही, हेच वाईट झालं. दोरीच्या टोकाला एक मोठा मांगूर तडफडत होता.

"खायला?" तिने विचारलं.

"नाय मामी. नाय. आईची आन."

"मग इकायला?"

"नाय व."

"मग काय त्याला शाळेत घालतो?"

राजकुमारने मासा हातात धरला, अंगठा फिरवला. दोन उंचवटे. त्याने तो मामीपुढे केला, जसा काही त्यावर सगळं लिहिलेलं होतं, आणि मग एका दमात पिशवी, गाडीवाला, साहेब, गर्दी, टब, काटा, सगळं सांगून टाकलं. मुक्ताबाईने ऐकून घेतलं आणि बादली खाली ठेवली.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच भाकरी पाण्याला लागू देत नाय आजकाल. म्या म्हटलं, लेकरं तरणी झालीत."

लिंबाखालून कडुबाचा आवाज आला. "काय झालं व?"

"जावईबापूनं पाव्हणे आणलेत," मुक्ताबाई म्हणाली. "आपल्याला न इचारता."

कडुबाला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर तो विहिरीपाशी येऊन बसला. म्हणाला, "माह्या बापानं पाण्यात कोणी काही टाकू नये म्हून मासे सोडले व्हते. साठ वर्षं कोणी काही टाकलं नाय." मग राजकुमारकडे बघितलं. "घरातलंच माणूस लागत व्हतं."

राजकुमारने मॅडमना फोन लावला. फोनवर बोलताना तो विहिरीभोवती फेऱ्या मारत होता. मॅडमनी एकामागून एक प्रश्न विचारले: किती, कधी, केवढे झालेत.

"राजकुमार, नियम माहितेय ना? परदेशी मांगूर सापडला तर सगळा साठा नष्ट करायचा असतो. वरिष्ठ येऊन बघतील आणि एक जरी सापडला तरी ते विहीर देशी जोड्या घ्यायच्या यादीतून काढतील, आणि चुना टाकायला सांगतील. सगळ्यांवर."

"देशीवर बी?"

"वेगळे कसे करणार? पुढच्या पावसात ते एकमेकांत अंडी घालतील. मग तर देवालाही वेगळे करता यायचे नाहीत."

"पावसाच्या आधी केले तर?"

मॅडमनी अट सांगितली. "विहीर पूर्ण उपसावी लागेल. एकेक मासा हातात घ्यावा लागेल. साहेबांना मी जे आहे ते सांगेन. लपवणार नाही. पण निवड माझ्यासमोर झाली आणि विहीर स्वच्छ निघाली, तर मी भांडेन."

विहीर उपसायला मोठी मोटार हवी होती, ती पलीकडच्या आप्पासाहेबांकडे होती. ज्या गावकीने कधीकाळी पोहरा टाकू दिला नव्हता, त्यातलंच हे घर. आप्पासाहेबांच्या शेततळ्यात आता राजकुमारनेच दिलेली चिलापी पोहत होती, त्यामुळे बोलणं होतं. ते स्वतः ट्रॅक्टरवर मोटार टाकून आले. कडुबा त्यांच्याकडे बघून म्हणाला, "या. आता तुमच्या घरानं बी आमच्या इहिरीत हात घातला."

"मोटार घातली, कडुबाभाऊ," आप्पासाहेब म्हणाले. "हात नाय. हाताला काटा लागतो म्हणे."

राजकुमारने एक टाकी रिकामी केली. त्यातली चिलापी पुरती वाढलेली नव्हती. छावणीत मिळेल त्या भावाने देऊन टाकली. टाकी घासली, विहिरीचंच पाणी भरलं. मोटार सुरू झाली. पाणी उतरत गेलं तसा राजकुमार पायऱ्यांवर खाली-वर करत राहिला. त्याला चार वेळा सांगितलं, बस. चारही वेळा तो बसला आणि उठला. शेवटी पाणी गुडघाभर राहिलं आणि तळ जिवंत झाला. काळा चिखल आणि त्यात वळवळ. वस्तीतले गडी टोपल्या घेऊन उतरले, मासे दोरीने वर आले, आणि वर तनुजा मॅडम हातमोजे घालून बसल्या. अंगठा फिरवायचा आणि बोलायचं. एक टोक, डावीकडे. दोन टोकं, उजवीकडे.

कडुबा शेजारी बसून प्रत्येक माशाला ओळखत होता. "ही माही. हिला म्या लहानपणापासून बघतो."

"काका, याला दोन टोकं आहेत."

"असतील. माणूस वयात आल्यावर बदलतंय."

मॅडमनी तो उजवीकडे टाकला. पुढच्यालाही कडुबाने ओळखलं. त्याच्या पुढच्यालाही. एकच म्हातारी मादी त्या दुपारी त्याला तीन वेळा भेटली, तिन्ही वेळा वेगळी. मुक्ताबाईने त्याला चहा करायला घरात पाठवलं; उभ्या आयुष्यात त्याने चहा केला नव्हता, पण तो गेला.

उजवीकडचे मोजताना राजकुमारचे ओठ हलत होते. तो जितके ओतले होते तितके यायची वाट बघत होता. पन्नासही भरले नाहीत. बाकीचे एकमेकांनी खाल्ले, बगळ्यांनी नेले, असं मॅडम म्हणाल्या. असेल. पण खडकाला कपारी होत्या. त्याने स्वतः उतरून प्रत्येक कपारीत सुजऱ्या हाताने चाचपलं. दोन निघाले, दोन्ही दोन टोकांचे. म्हणजे न चाचपता वर आलो असतो तर? तो पुन्हा उतरला. पुन्हा काही सापडलं नाही. पुन्हा उतरायला निघाला तेव्हा आप्पासाहेबांनी त्याच्या कॉलरला धरलं.

शेवटी एक मासा राहिला. मोठी, पिवळसर पोटाची मादी. टोपली खडकावर आपटून तिच्या डोक्याची मागची कातडी सोलली होती. मॅडमनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, डोळे मिटून फिरवला.

"सांगता येत नाही. हाड दबलंय. हे मिश्रही असू शकतं, पिशवीतूनच आलेलं."

कडुबा चहा अर्धवट टाकून धावत आला. "ही एकमिशी हाय. बघा, डावीकडची मिशी तुटलेली. ही मागच्या दुष्काळापासून हाय. मुक्ते, सांग की!"

सगळे मुक्ताबाईकडे बघू लागले. ती वाकली, माशाकडे बघितलं. "मिशी तर तुटलेलीच हाय," ती म्हणाली. "पण मिशी कोणाची बी तुटतीय."

उजवीकडे टाकायला कोणाचा हात होईना, डावीकडे टाकायला मॅडम तयार होईनात. त्यांनी तिच्या शेपटीच्या पंखाचा बारीक तुकडा कापून बाटलीत घेतला. तपासणी होईपर्यंत तिला वेगळं ठेवायचं, त्या म्हणाल्या. राजकुमारने टाक्यांशेजारी निळा ड्रम ठेवला, वर जाळी टाकली.

"हे तू नेलंस," मुक्ताबाई त्याला म्हणाली. "मॅडमनं नाय. हे तुह्याकडं उसनं."

उजवीकडचे चुन्यात पुरले. वस्तीतल्या एका-दोघांनी विचारलं, खाल्ले तर काय होतं? कडुबा म्हणाला, "माह्या इहिरीतून निघालेत." तेवढ्यावर ते मिटलं. डावीकडच्यांतल्या काही जोड्या मॅडमनी नेल्या. जाताना मुक्ताबाईने त्यांना पुन्हा आठवण दिली, आणि मॅडमनी खाली नजर करून एक गोष्ट सांगितली: बीज काढायचं तर नर मारावा लागतो, मादीची अंडी पोट दाबून काढता येतात, तसा तो पिळता येत नाही. मुक्ताबाई म्हणाली, "मंग तर शीग मोठी लागंल."

साहेब आले, बघून गेले. मॅडम भांडल्या म्हणे. चुना टाकायचा हुकूम आला नाही. झऱ्याने विहीर हळूहळू भरली, मांगूर परत सोडले, पाऊस झाला, पाणी ढासळलेल्या मातीला टेकलं. राजकुमारला मात्र चैन नव्हतं. टाक्यांना खाद्य टाकता टाकता गुळुक ऐकू आलं की तो पळत जाई. कोण होतं? एकटोक्या की दोनटोक्या? तोंड तर सगळ्यांचं सारखंच दिसे. गाडीवाला पुन्हा आला तेव्हा राजकुमारने त्याला चहा पाजला आणि मग त्याच्या सगळ्या पिशव्या उघडायला लावल्या. त्या दिवशी गाडीवाला काही न विकता गेला आणि शेततळेवाल्यांनी राजकुमारला शिव्या घातल्या.

पावसाळा सरताना तनुजा मॅडम आल्या. त्यांच्या हातात हवा भरलेली पिशवी होती, आत बोटाएवढे, मिशावाले जीव. पिशवीवर मार्करने लिहिलं होतं, ‘देशी’.

राजकुमारने पिशवी हातात घेतली आणि प्रकाशाकडे धरून बघितली. एवढ्याशा पिल्लाच्या डोक्यावर काय अंगठा फिरवणार?

"माझ्या हाताने काढलेत," मॅडम म्हणाल्या. "याच विहिरीच्या जोड्यांचे."

"व्हय मॅडम."

"ओत की मंग," कडुबा म्हणाला. "का पोलिसाला इचारून येतो?"

राजकुमारने गाठ सोडली. या वेळी झटकून ओतलं नाही. पिशवी पाण्याला टेकवून धरली आणि ते आपापले बाहेर पडले. मुक्ताबाईने पिशवी फुगलेली होती तेव्हाच अंदाज घेतला होता. "शीग हाय," ती म्हणाली. "तुमचं फिटलं, बाई." मग ती राजकुमारकडे वळली. "तुह्यं?"

राजकुमारने मॅडमकडे बघितलं. मॅडम ओशाळल्या. पहिला तुकडा वाटेत खराब झाला होता. दुसरा कापून नेला, तो लांबच्या प्रयोगशाळेत गेलाय. तिथं रांग आहे. चिलापीची रांग, कोळंबीची रांग, मोठ्या धंद्यांचे नमुने आधी. एका वस्तीतल्या एका म्हातारीचा नंबर कधी लागेल, सांगता येत नाही.

"मामी, आज सोडू का तिला?" राजकुमार म्हणाला. "मामा म्हणतोय ती आपलीच हाय."

"तुह्या मामाला त्या दिवशी तीन सापडल्या व्हत्या," मुक्ताबाई म्हणाली.

अजूनही ती सकाळी येते. विहिरीत एक तुकडा टाकते, वाट बघते, गुळुक झालं की पुढे सरकते. राजकुमार तिच्या आधीच ड्रमपाशी जाऊन जाळी सरकवून उभा असतो. ड्रमचं पाणी त्याने पहाटेच बदललेलं असतं. मुक्ताबाई दुसरा तुकडा ड्रममध्ये टाकते. एकमिशी लगेच येत नाही. तळाशी एक फेरी मारते, दुसरी मारते, त्या निळ्या गोलात तिलाही एका जागी बसवत नाही. मग वर येऊन तुकडा घेते.

"एक राहिलंय, जावईबापू," मुक्ताबाई म्हणते आणि ताट घेऊन घराकडे जाते.